पाचवं मिनिट

मी बोलायला शिकलो तो घंटा वाजवता वाजवता.

साताऱ्याला आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी वक्तृत्व मंडळ भरायचं. करमरकर सर त्याचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की प्रत्येकानं वर्षातून निदान दोनदा उभं राहायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं नाही, तर बोलणाऱ्याचे दोन गुण आणि एक दोष वहीत लिहायचा. चार मिनिटं झाली की टेबलावरची पितळी घंटा एकदा वाजे, पाच झाली की दोनदा. दोनदा वाजली की तोंडात आलेला शब्दसुद्धा गिळून खाली उतरायचं. "जो घंटेला मान देत नाही तो श्रोत्यांना काय मान देणार?" असं सर म्हणत.

मी जत तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. माझे वडील बिराप्पा दिवसभरात चार शब्द बोलत, आणि त्यातले दोन कुत्र्यासाठी असत. पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी "अध्यक्ष महाराज" एवढं म्हणालो आणि पुढचं सगळं डोक्यातून धुऊन गेलं. वर्ग पोट धरून हसला. सरांना माझी कीव आली असावी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाळासो, आजपासून घंटा तू सांभाळ." सुटलो बुवा, असं मला झालं. त्या सुटकेच्या खुर्चीत मी दोन वर्षं बसून काढली.

ती खुर्ची बोलणाऱ्याच्या डाव्या हाताला, अगदी तीन हातांवर. समोर बसलेल्यांना जे दिसत नाही ते सगळं तिथून दिसतं. लालासाहेब हा कराडकडच्या बड्या घरचा मुलगा, आमच्यातला पहिल्या नंबरचा वक्ता. समोरून पाहिलं तर वाघ. माझ्या खुर्चीतून पाहिलं तर त्याचे पाय लटपटताना दिसायचे, म्हणून तो टेबलाला मांडी टेकवून उभा राहायचा. ते मी वहीत लिहिलं. दुसरा एक जण पुढचं वाक्य विसरला की चष्मा पुसायला घ्यायचा आणि लोक त्याला विचारवंत समजायचे. तेही लिहिलं. कोण कुठे श्वास घेतो, आवाज कुठे उतरवला की मागची बाकं पुढे झुकतात, कोणाचं पाठांतर कुठे संपतं आणि थापा कुठे सुरू होतात, असं सगळं लिहून दोन वर्षांत माझ्या तीन वह्या भरल्या. बोललो मात्र एकदाही नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवर कोणी नसताना दगडांसमोर बोलायचो, तेवढंच.

जालिंदर माझ्या खोलीत राहायचा. मूळचा तासगावकडचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या वर बुद्धाची लहानशी तसबीर असायची आणि तिच्याखाली वडिलांचा एक फोटो, कुणा पेढीच्या समूहचित्रातून कापून घेतलेला. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' आलं. शहरातली पोरं फिदीफिदी हसली. दोषाच्या रकान्यात सगळ्यांनी तेच एक लिहिलं. दुसरा कोणी असता तर परत फिरकला नसता. हा पुढच्या शनिवारी पहिल्या बाकावर येऊन बसला आणि प्रत्येकाचं तोंड असं निरखत राहिला, की बोलणारेच बावचळले. वर्षभरात त्याची भाषा स्वच्छ झाली. पण खोलीत आला की पुन्हा आपली गावची.

त्याची एक गोष्ट मात्र कोणाची उचललेली नव्हती. उभा राहिला की तो लगेच बोलत नसे. सगळ्यात शेवटच्या बाकाकडे बघत तीन श्वास गप्प राहायचा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. मग तो हळूच सुरू करायचा.

"हे कुणाकडनं शिकलास रं?" मी एकदा विचारलं.

"आबांकडनं."

त्याचे वडील सांगलीजवळ हरिपूरला पेवांवर कामाला होते. तिथे नदीकाठच्या मातीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस फूट खोल पेवं खणून त्यात व्यापाऱ्यांची हळद साठवतात. जालिंदर सांगू लागला, "पेव उघाडलं की आत वाईट हवा आसती. आधी दोरीनं कंदील सोडत्यात. इजला तर कुनी उतरत न्हाई. न्हाई इजला तर आबा उतरत्यात. वर केरबा म्हनून एक मानूस बसतो. त्यानं घडीघडीला हाक मारायची आन् आबांनी खालनं ओ द्यायची. मी ल्हान आसताना काठावर बसायचो. हाक मारली की ओ येईस्तवर समदी गप. तसलं गप मला म्हाईत हाय, गड्या."

मी ते वहीत लिहून घेतलं. खाली त्याचं नाव लिहिलं नाही.

सासष्ट सालच्या फेब्रुवारीत सांगलीला आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा ठरली. विषय होता 'श्रमाची प्रतिष्ठा'. आमच्याकडून दोघं जाणार. लालासाहेब जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दुसरी जागा जालिंदरचीच, असं सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, फक्त रीत म्हणून गुरुवारी निवड व्हायची होती. जालिंदरनं लगेच हरिपूरला कार्ड टाकलं. वार, वेळ, सभागृह, सगळं कळवलं. आबांना वाचता येत नव्हतं, पेढीवरचे दिवाणजी वाचून दाखवत. पोरगा कॉलेजात भाषणं करतो हे आबांनी चार वेळा कार्डातून ऐकलं होतं. त्याच्या तोंडून भाषण कधी ऐकलं नव्हतं.

रोज संध्याकाळी खानावळीच्या ओट्यावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली तो भाषण म्हणायचा आणि मी वेळ बघायचो. पहिली चार मिनिटं चांगली होती, पण तशी कोणीही बोलला असता. जीव सगळा पाचव्या मिनिटात होता. त्यात कंदील होता, केरबाची हाक होती, आबांची ओ होती. तो ते म्हणायला लागला की वाढपीसुद्धा हातात पळी घेऊन दारात उभा राहायचा. भाषण संपायचं तेव्हा घड्याळात बरोबर पाच मिनिटं झालेली असत.

आता मला काय झालं ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो. जे मी तीन वह्या भरून गोळा केलं होतं ते याच्याकडे आयतं होतं, असं मला वाटायला लागलं. याला बाप होता, पेव होतं, शांतता होती. माझ्याकडे दुसऱ्यांचे हातवारे होते. एकदा तरी आपल्यासाठी टाळ्या पडाव्यात म्हणून मी आतल्या आत जळत होतो आणि हा, मी वेळ बघतो म्हणून, वर मलाच म्हणायचा, "तुझ्यामुळं जमतंय, लेका." बुधवारी मी माझं नाव दिलं. सर खूश झाले. "वा! घंटेला वाचा फुटली," असं म्हणाले.

गुरुवारी आधी लालासाहेब बोलला. मग जालिंदर उठला. शेवटच्या बाकाकडे बघून तीन श्वास थांबला. मी घड्याळाकडे बघत होतो. मी ठरवून गेलो होतो असं म्हणणार नाही, ठरवलं नव्हतं असंही म्हणवत नाही. काटा तिसऱ्या मिनिटावर आला आणि माझ्या हातानं घंटा एकदा वाजवली. जालिंदर क्षणभर अडखळला. मग त्यानं बोलण्याचा वेग वाढवला. घड्याळ माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं.

"आणि आता," तो म्हणाला, "मी आपल्याला एका कंदिलाविषयी सांगणार आहे."

मी दोनदा घंटा वाजवली. चार मिनिटं झाली होती.

दुसरा कोणीही दोन वाक्यं ओढून न्यायचा. सर रागावत, पण लोक ओढत. जालिंदरनं माझ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे. मग हात जोडले आणि खाली उतरला. सरांनी मान हलवत कागदावर काहीतरी लिहिलं. भाषणाला शेवटच नव्हता, त्यांचं काय चुकलं?

माझ्या वेळी घंटा लालासाहेबाकडे होती. मी टेबलाला मांडी टेकवली, शेवटच्या बाकाकडे बघून तीन श्वास थांबलो, आवाज जिथे उतरवायचा तिथे उतरवला आणि पुरी पाच मिनिटं बोललो. माझी निवड झाली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत सगळ्यात आधी जालिंदरचे हात वाजले.

त्या संध्याकाळी खोलीत त्यानं भाषणाचे कागद ट्रंकेत तळाशी ठेवले. मग म्हणाला, "वट्यावर तर पाच मिन्टात बसत हुतं की रं."

"उभं ऱ्हायल्यावर मानूस सावकाश बोलतो," मी म्हणालो. "मी दोन वर्सं बघतोय."

"तू म्हनतोस म्हंजे तसंच आसंल. घड्याळ तुझ्याम्होरं हुतं."

मी कंदिलाची वात खाली केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

शनिवारी मी निघालो तेव्हा तो स्टँडवर सोडायला आला. म्हणाला, "येऊ नगा म्हनून दुसरं कार्ड टाकलंय, पर ते येळेवर पोचायचं न्हाई. आबा येतील. त्यास्नी सांग, जालिंदरला ताप आला म्हनून आला न्हाई. हरला म्हनून सांगू नगो. चारचौघांत त्यांनी सांगितलं आसंल."

एस.टी. सुटेपर्यंत तो खिडकीला धरून उभा होता. आबा येऊच नयेत असं मी वाटभर मनात म्हणत होतो.

रविवारी सकाळी सांगलीचं ते सभागृह गच्च भरलं होतं. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि सवयीनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे भिंतीला पाठ लावून एक म्हातारा बसला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. हळदीत आयुष्य गेलेल्या माणसाचे हात धुऊनही तसेच राहतात. फोटोतला चेहरा मी लगेच ओळखला. तीन श्वासांचे किती झाले कोण जाणे. लोकांना वाटलं, काय शांतता साधली पठ्ठ्यानं. मग मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण टाळ्या पडल्या आणि उत्तेजनार्थ म्हणून एक शाईचं पेन मिळालं.

लालासाहेब त्याच्या मावशीकडे जेवायला गेला. मी बाहेर आलो तर आबा पायरीशी उभे.

"तू साताऱ्याचा न्हवं? आमचा जालिंदर कवा बोलनार?"

"आबा, त्याला ताप आलाय. म्हनून न्हाई आला."

त्यांचा चेहरा पडला. "लय हाय का?"

"न्हाई, न्हाई. थोडा हाय."

"थोड्या तापानं त्यो ऱ्हायचा न्हाई," आबा म्हणाले. "मी येतो तुज्यासंगं. आजचं पेव केरबाला सांगून सोडलंच हाय." मग एकदम माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तू बाळासो का? घंटेवाला?"

"व्हय."

त्यांचं तोंड उजळलं. "त्यो मागं सुट्टीला आला हुता तवा सांगत हुता. म्हनला, आबा, तुमचा जसा वर केरबा, तसा माजा बाळासो. त्यो घंटेला आसला की मला भ्या वाटत न्हाई."

दोनच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. आबांनी मांडीवरचं फडकं सोडलं. त्यात जालिंदरसाठी आणलेले शेंगदाण्याचे लाडू होते. त्यातला एक त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो तसाच खिशात ठेवला. इस्लामपूर मागे पडल्यावर ते म्हणाले, "त्यो काय बोलनार हुता ते तुला म्हाईत आसंल की. म्हनून दाव जरा. इतक्या लांब आलो तर ऐकू तरी."

मी नाही म्हणू शकलो असतो का? गाडीच्या खडखडाटात, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी जालिंदरचं भाषण म्हटलं. सगळं तोंडपाठ होतं. पहिली चार मिनिटं आबा मान हलवत राहिले, फारसं कळलं असेल असं नाही. मग पाचवं मिनिट आलं. त्यातलं लिहिलेलं मी तसंच म्हटलं. "पेवात आधी कंदील उतरतो, मग माझे वडील उतरतात. वरून हाक येते आणि खालून ओ येते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर अंधारातून फक्त ओ दिली. मी आज इथे उभा राहून जे बोलतो आहे, ती त्यांचीच ओ आहे. ती वर तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर श्रमाला प्रतिष्ठा मिळाली असं मी समजेन."

आबांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला. मग म्हणाले, "हे त्यानं कॉलेजात म्हनून दावलं आसंल. काय म्हनली मंडळी?"

"शेवटचं न्हाई म्हनता आलं त्याला," मी म्हणालो. "वेळ संपला."

"असं कसं? घंटेला तू हुतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "मीच हुतो."

माझ्या तोंडून तेवढंच आलं. पण तेवढंच फार होतं. ज्याचा जीव तीस वर्षं वरच्या माणसाच्या हातात होता, त्याला आणखी काय सांगायचं? आबांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. कराड आलं, गेलं. उंब्रजच्या पुढे कधीतरी म्हणाले, "केरबा एकदा तंबाकू मळत गप्पा हानत बसला. मी खाली. हाकच येईना. कंदील बारीक व्हायला लागला तवा मीच शिडी धरली. वर आल्यावर त्याला काय बी बोललो न्हाई."

"मग?"

"दुसऱ्या दिशी त्याला खाली उतरिवला आन् मी वर बसलो. दिसभर येळच्या येळी हाक मारली. एक बी चुकिवली न्हाई. सांजच्याला वर येऊन रडला."

साताऱ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जालिंदर वसतिगृहाच्या नळावर सदरा धूत होता. आबांना बघून तो तसाच ओल्या हातांनी उभा राहिला. आबांनी त्याच्या कपाळावर पिवळा हात ठेवला. तिथे ताप नव्हता, कधीच नव्हता. "उतरला म्हनायचा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यानं समदं म्हनून दावलं गाडीत. कंदलाचं बी." जालिंदरनं माझ्याकडे पाहिलं, गुरुवारी पाहिलं होतं तसंच. बापलेक खोलीत गेले. मी अंधार पडेपर्यंत नळापाशीच बसून राहिलो.

पुढच्या शनिवारी जालिंदरनं सरांना सांगितलं, की मी आता बोलणार नाही, मला घंटा द्या. सरांनी पुष्कळ समजावलं. शेवटी घड्याळ काढून त्याच्यापुढे ठेवलं. सांगलीहून बक्षीस आणलं म्हणून पहिली पाळी माझी होती.

मी ठरवून उठलो होतो, की सगळं सांगायचं. भर वर्गात, नावानिशी. टेबलाला मांडी टेकवली. शेवटच्या बाकाकडे पाहिलं, तीन श्वास थांबलो. चौथा घेतला, पाचवा घेतला. शब्द आला नाही. दोन वर्षं ज्याचं त्याचं पाहून जे जे उचललं होतं ते सगळं हाताशी होतं, कुठे थांबायचं, कुठे उतरायचं. बोलायचं मात्र होतं माझं स्वतःचं, आणि ते बोलायला मी कोणाकडूनच शिकलो नव्हतो. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग बरेच जण हसले. मी डावीकडे जालिंदरकडे पाहिलं. त्यानं एकदा घंटा वाजवावी, दोनदा वाजवावी, मला खाली उतरू द्यावं, असं मी डोळ्यांनी विनवत होतो.

तो घड्याळाकडे बघत होता. चार मिनिटं झाली तेव्हा त्यानं घंटा एकदा वाजवली. मी उभा होतो. हसणारे दमून गप्प झाले होते आणि सर खाली मान घालून बसले होते. मग त्यानं दोनदा वाजवली.

पाच मिनिटं पुरी दिली त्यानं मला. एक सेकंदही कमी केला नाही.